सुपातून उभी राहिलेली घरं

९ जानेवारी २०१९. सोलापुरात पंतप्रधानांची सभा होती आणि एकाच व्यासपीठावरून बऱ्याच कामांची उद्घाटनं व्हायची होती. त्यांतलं एक काम रस्त्याचं होतं. सोलापुरातून निघून तुळजापूर, तेव्हाचं उस्मानाबाद मागे टाकत येडशीला पोचणारा चौपदरी महामार्ग त्या दिवशी राष्ट्राला अर्पण झाला. लांबी ९८.७१७ किलोमीटर, खर्च ९७२.५० कोटी रुपये. दुसरं काम घरांचं होतं. सोलापूरच्या असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची पायाभरणी झाली. त्याचा खर्च १,८११.३३ कोटी रुपये.

येडशीला रस्ता लगेच कळला. हे गाव पूर्वीपासून वाटेवरचंच. लातूरहून बार्शीकडे जाणारा रस्ता इथेच या महामार्गाला मिळतो, बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी इथूनच लातूरकडे जायची, आणि रामलिंगाला जाणारे भाविकही इथेच उतरतात. तुळजापूरच्या गर्दीला वळसा घालणारं बाह्यवळण झालं आणि दवाखान्याला, बाजाराला, कामाला सोलापूर गाठणं सोपं झालं. त्या दिवसाची दुसरी गोष्ट मात्र या टोकापर्यंत फारशी पोचली नाही. रस्ता जिथून सुरू होतो, त्याच शहराच्या दुसऱ्या बाजूला, अक्कलकोटच्या वाटेवर कुंभारी नावाचं गाव आहे. तिथे विडी वळणाऱ्या बायकांनी एक नगर उभं केलं. ती गोष्ट सांगायची तर बरंच मागे जावं लागतं.

सोलापूर हे चार भाषांचं शहर. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच चौकात कानावर पडतात. स्वातंत्र्यलढ्यात, मे १९३० मध्ये, इथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन ही ती चार नावं. नुसती नावं वाचली तरी शहराची वीण लक्षात येते.

या विणीतला एक जाड धागा पद्मशाळी विणकरांचा. तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, ही कुटुंबं पिढ्यानपिढ्या सोलापुरात येत राहिली. हातमाग सोबत होताच. पुढे गिरण्या आल्या. १८७७ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीला लोक आजही ‘जुनी गिरणी’ म्हणतात. पाठोपाठ लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या उभ्या राहिल्या. शहराचा पूर्वभाग तेलुगू बोलू लागला. दुकानांच्या पाट्या बदलल्या आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघू लागला. मराठी मुलखात ही माणसं भाषेने अल्पसंख्य, पण शहराच्या कापडधंद्यात त्यांचे हात सगळ्यांत जास्त. सोलापुरी चादर जगभर गेली. ती विणणारा माणूस मात्र भाड्याच्या खोलीतच राहिला.

जुन्या गिरणीची कहाणी देशाच्या कायद्याच्या पुस्तकांतही आहे. १९४९ मध्ये ती बंद पडली, केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. घटनेच्या अभ्यासकांना तो खटला पाठ असतो. सोलापूरकरांना लक्षात राहिलं ते १९६३ साल. त्या वर्षी गिरणी कायमची बंद झाली.

गिरणी बंद झाली की पुरुष यंत्रमागावर जातो, हमाली करतो किंवा रिक्षा चालवतो. बाई विड्या वळते. तसं विडीचं काम शहरात आधीपासून होतंच, पण गिरण्यांचा आधार सुटत गेला तसं कित्येक घरांची चूल बाईच्या सुपावर पेटू लागली.

हे काम जवळून पाहिल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. पानं घरी आणून भिजवायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, म्हणजे ती मऊ पडतात. मग एकेका पानावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीने चौकोन कापायचा. सूप मांडीवर घ्यायचं. कापलेल्या पानात चिमटीने तंबाखू भरायचा, बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. अशा हजार विड्या झाल्या की मजुरी लागू. वळून झालेला माल परत कारखान्यात नेऊन द्यायचा. तिथे तपासणारा हात फिरवतो आणि पसंत न पडलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. त्या छाटीचे पैसे मिळत नाहीत.

हे सगळं घडतं कुठे? दहा बाय दहाच्या खोलीत. तिथेच पाणी भरलेलं, तिथेच गोणपाट ओलं, तिथेच स्वयंपाक, तिथेच पोरांचा अभ्यास आणि रात्री तिथेच अंथरुणं. तंबाखूची धूळ भाकरीच्या पिठापर्यंत पोचते. विडी धंद्याने कामगाराला कामाची जागा दिलीच नाही. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला, त्याने कारखान्याच्या मालकांवर जबाबदाऱ्या घातल्या, पण काम बहुतांश घरांतच होत राहिलं. म्हणजे बाईची खोली हाच कारखाना, आणि त्या कारखान्याचं भाडं बाईच भरणार. म्हणूनच सोलापुरात घराची मागणी नुसत्या निवाऱ्याची राहिली नाही. ती मजुरीच्या हिशेबातलीच मागणी होती. पुढच्या लढ्याला एवढं बळ कुठून आलं, याचं उत्तर बरंचसं या खोलीत आहे.

१९७६ मध्ये संसदेने आणखी दोन कायदे केले. विड्यांवर उपकर बसवला आणि त्यातून विडी कामगार कल्याण निधी उभा राहिला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीला अनुदान या निधीतून मिळू लागलं. बाईच्या बोटांखालून गेलेल्या विडीवरचा पैसा थोडा तरी तिच्याकडे परत येईल अशी वाट निघाली. पण त्या वाटेवर पाऊल टाकायला ओळखपत्र हवं, भविष्यनिर्वाह निधीचं खातं हवं, म्हणजे आधी कारखानदाराने तिला कामगार म्हणून मान्य करायला हवं. विडी कामगारांच्या युनियनची कित्येक वर्षं या कागदांमागे गेली. सभा-मोर्चांच्या फोटोंत हे काम दिसत नाही, पण घरांचा खरा पाया तोच.

या युनियनचं नाव घेतलं की सोलापुरात नरसय्या आडम हे नाव येतंच. सगळे त्यांना आडम मास्तर म्हणतात. लाल बावट्याचे, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. १९७८, १९९५ आणि २००४ अशा तीन वेळा ते सोलापुरातून विधानसभेवर निवडून गेले. पद्मशाळी समाजातला माणूस, कामगारांच्या वस्तीत वाढलेला, तेलुगूत आणि मराठीत सारख्याच जोरात भाषण करणारा. राज्यातल्या इतर गिरणगावांत लाल बावटा उतरत गेला. सोलापुरात तो टिकला तो विडी वळणाऱ्या बायकांच्या जोरावर, असं म्हणण्याला पुरेसा आधार आहे.

घरासाठी युनियनने रस्ता निवडला तो सहकाराचा. महाराष्ट्राला सहकारी घरबांधणी नवीन नव्हती. मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्येच स्थापन झाली होती. आशियातली पहिली म्हणून तिचं नाव घेतात. तीही एका लहान भाषिक समाजाचीच. पण ते सभासद शिकलेले होते, महिन्याचा ठरलेला पगार घेणारे होते, अर्ज-तारण-हप्ता ही भाषा त्यांना येत होती. हजारावर मजुरी घेणाऱ्या बाईला तोच कायदा वापरता येईल का, हा प्रश्न सोलापुरात विचारला गेला. मधे जवळपास पाऊणशे वर्षं गेली होती.

हैदराबाद रस्त्यावर ‘विडी घरकुल’ नावाची वस्ती आहे; रिक्षावाल्याला नुसतं ‘घरकुल’ म्हटलं तरी कळतं. पण हजारो बायकांच्या रांगेला अशी वस्ती कुठवर पुरणार? नव्वदच्या दशकात मागणी मोठी झाली: एकदम दहा हजार घरं. संस्थेचं नाव ठरलं गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था. गोदावरी परुळेकर १९९६ मध्ये गेल्या. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना वेठीविरुद्ध उभं करणाऱ्या आणि त्या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिणाऱ्या बाईचं नाव विडीवालींच्या संस्थेला शोभणारंच होतं. नावात ‘महिला’ हा शब्दही मुद्दाम आला. सभासद त्या, हप्ता भरणाऱ्या त्या, दाराशी उभं राहून हक्क सांगणाऱ्याही त्याच.

हिशेब साधा होता आणि म्हणूनच तो बायकांना तोंडपाठ झाला. घराचा खर्च ६०,००० रुपये. त्यातले २०,००० केंद्र सरकारचे, २०,००० राज्य सरकारचे आणि २०,००० कामगार बाईचे. तीन वाटे, तिन्ही सारखे. राज्याचा वाटा मिळवायला मोर्चे निघाले, धरणी धरली गेली, मुंबईच्या वाऱ्या झाल्या, दिल्लीला शिष्टमंडळं गेली. आपला वाटा बायकांनी हप्त्याहप्त्याने जमवला. सकाळी चारला उठून जास्तीच्या शंभर-दोनशे विड्या वळायच्या, म्हणजे महिन्याअखेरी काही उरतं. वीस हजार रुपये हा आकडा सरकारी कागदावर अगदी लहान दिसतो. सुपात तो फार मोठा होतो.

२००६ मध्ये कुंभारीला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं कामगारांच्या ताब्यात दिली गेली. दहा हजार घरं म्हणजे एका घरात चार-पाच माणसं धरली तरी चाळीस-पन्नास हजारांची वस्ती. येडशीसारखी कित्येक गावं त्यात बसतील. विडी कामगारांची एवढी मोठी सहकारी वसाहत त्याआधी देशात झालेली नव्हती. पुढे मीनाक्षीताई साने यांच्या नावाने आणखी एक वसाहत तिथेच आली.

ही गोष्ट मोठी का, हे कळायला त्याच काळातल्या इतर शहरांकडे पाहावं लागतं. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर हजारो मुस्लिम कुटुंबं जुनी वस्ती सोडून मुंब्र्याकडे गेली. मोकळ्या मनाने घर भाड्याने देणारे कमी, बँका कर्ज द्यायला नाखूष, आणि मागणी तर रोज वाढती. त्या फटीत बेकायदा इमारती उठल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ अशीच एक बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. राहायला जागा नाकारलेल्या माणसाला शेवटी जी जागा मिळते, ती अशी असते.

मुंबईतच भेंडीबाजारात वेगळी वाट निघाली. दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी न्यासाने २००९ मध्ये साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास हाती घेतला. सुमारे ३,२०० कुटुंबं आणि साडेबाराशे दुकानं होती त्याच जागी परत येणार, असा करार. तिथे पाठीशी समाजाची तिजोरी होती. झोपडपट्टी पुनर्वसनात, म्हणजे १९९५ नंतरच्या फुकट घरांच्या योजनेत, पाठीशी बिल्डर असतो. तो जास्तीचं बांधकाम बाजारात विकून या फुकट घरांचा खर्च काढतो, आणि जमीन जेवढी महाग तेवढा त्याचा उत्साह मोठा. सोलापूरच्या विडीवालींकडे समाजाची तिजोरी नव्हती आणि त्यांच्या वस्तीतल्या जमिनीला मुंबईचा भावही नव्हता. त्यांच्याकडे सभासदांची यादी होती.

अशा यादीवर घरं उभी राहू शकतात हे जगात इतरत्रही दिसलं आहे. उरुग्वे या छोट्या देशात १९७० मध्ये सहकारी घरबांधणी संस्थांचा महासंघ स्थापन झाला आणि कामगार कुटुंबांनी स्वतः राबून वसाहती बांधल्या. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात १९६९ मध्ये कृष्णवर्णीयांनी एकत्र येऊन हजारो एकर जमीन सामूहिक मालकीने घेतली. नागरी हक्कांच्या लढ्यात भाग घेतला म्हणून गोऱ्या जमीनदारांनी कसणाऱ्यांना शेतांवरून हाकललं होतं, त्याला दिलेलं ते उत्तर होतं. सरकारी कर्ज वेळेवर मिळालं नाही आणि १९८५ पर्यंत ती जमीन हातची गेली. सोलापूरकरांनी हे वाचलं होतं की नाही, हा मुद्दा नाही. हजारो मैलांवरच्या माणसांनाही तोच धडा शिकावा लागला, एवढंच.

सोलापूरला मात्र स्वतःचाच एक जुना धडा होता. शहरात ‘सेटलमेंट’ म्हणून भाग आहे. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींच्या कुटुंबांना तिथे तारेच्या कुंपणात आणून ठेवलं होतं. त्यांना हजेरी लागायची, गिरण्यांत कामाला धाडलं जायचं. तो कायदा १९५२ मध्ये देशभरातून गेला. वस्तीचं नाव राहिलं. गरिबांना शहराच्या कडेला एकत्र बसवणं ही कल्पना म्हणजे या शहराला नवी नव्हती. तेव्हाची जागा सरकारने ठरवलेली होती आणि माणसं त्यात आणून घातली होती. कुंभारीची जागा सभासदांच्या संस्थेने मिळवली. हा फरक फार मोठा आहे.

पण कुंभारी लांब आहे, हेही खरं. शहराच्या आत दहा हजार घरांना पुरेल अशी जमीन कामगारांच्या ऐपतीत कुठेच नव्हती. मग जमीन मिळाली ती शहराची हद्द सोडल्यावर, ग्रामपंचायतीच्या गावात. पान-तंबाखू आणायला आणि माल द्यायला शहरात जायचं तर बसचं भाडं हजाराच्या मजुरीतूनच जाणार. पोरांची शाळा, सरकारी दवाखाना, नवऱ्याचा यंत्रमाग, सगळं मागे राहिलं. आणि पन्नास हजारांच्या वस्तीचं पाणी, गटार, रस्ते पाहायचे कुणी? घर मिळेपर्यंतचा लढा लोकांच्या लक्षात राहतो. नळाला पाणी येण्यासाठीचा त्यानंतरचा लढा फारसा कुणी लिहीत नाही, आणि तो बहुतेक बायकाच लढतात. समान विकासाची खरी कसोटी या लांबीवर लागते: स्वतःचं घर मिळवण्यासाठी गरिबाला शहरापासून किती दूर जावं लागलं? कुंभारीने घराच्या किमतीचा प्रश्न सोडवला, अंतराचा तसाच राहिला.

तरीही कुंभारीने इतरांना धीर दिला. विडीवाल्यांना घर मिळतं तर आम्हाला का नाही, असं यंत्रमागवाले, रिक्षावाले, शिलाई करणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर, कचरा वेचणाऱ्या विचारू लागल्या. त्यातूनच रे नगर या नव्या वसाहतीसाठी सहकारी संस्थांचा महासंघ आणि २०१९ मध्ये पायाभरणी झालेली ती ३०,००० घरांची योजना आली. इथे तेलुगू घरांच्या शेजारी मुस्लिम, दलित, लिंगायत, मराठा अशी सगळीच नावं यादीत आली. दुष्काळात मराठवाड्यातून पोट भरायला आलेलीही त्यांत आहेत.

हिशेब मात्र बदलला. प्रधानमंत्री आवास योजनेत प्रत्येक घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, म्हणजे ३०,००० घरांना ७५० कोटी. एकूण खर्च १,८११ कोटींच्या वर. कुंभारीला सरकारांनी मिळून तीनातले दोन वाटे उचलले होते. रे नगरच्या पायाभरणीला ते प्रमाण निम्म्याच्याही खाली, शंभरात एक्केचाळीस, आलं. उरलेलं ओझं कामगाराच्या हिश्श्यावर आणि कर्जावर. घरं तिप्पट झाली, बाईच्या सुपावरचा भारही वाढला. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय योजनेचं मोल ठरवता येणार नाही.

राजकारणानेही चमत्कारिक वळण घेतलं. पायाभरणीला लाल बावट्याचे आडम आणि भाजपचे पंतप्रधान, मुख्यमंत्री एकाच व्यासपीठावर होते. आडम यांनी घरं मंजूर केल्याबद्दल त्यांचं जाहीर कौतुक केलं. मार्क्सवादी पक्षाला ते रुचलं नाही आणि त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यात आलं. पक्षाचं त्याच्या जागी काही म्हणणं असेल. यादीत नाव असलेल्या तीस हजार कुटुंबांना त्या दिवशी पायाचा दगड हवा होता, आणि तो बसवायला जो आला त्याला नमस्कार करण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

बरोबर पाच वर्षं आणि दहा दिवसांनी, १९ जानेवारी २०२४ रोजी, पंतप्रधान पुन्हा सोलापुरात आले. तीस हजारांपैकी १५,००० घरं तयार झाली होती. किल्ल्या देण्याच्या त्या सभेत, लहानपणी आपल्याला असं घर मिळालं असतं तर, असं म्हणताना त्यांचा गळा भरून आला; देशभरच्या वाहिन्यांनी तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवला.

पुढच्या रांगेत किल्ली मिळालेल्या बायका होत्या. तितकीच कुटुंबं अजून यादीत होती.